पाण्याची वाट आणि शहराची वाढ



साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावरून रस्ते, पूल आणि इमारती यांवर बोलणे काहींना विषयांतर वाटेल. बडोद्यात तरी तसे वाटायला नको. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन साहित्य संमेलने या गावाने भरवली आणि २०१८ मध्ये ९१ व्या संमेलनाचे यजमानपदही घेतले. याच गावात १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी, हिंदी इत्यादी भाषांतले पर्याय त्यात एकत्र केलेले आहेत. कारभार ज्या शब्दांत चालतो ते शब्द प्रजेला कळले पाहिजेत, अशी दृष्टी असल्याशिवाय असा कोश निघत नाही. आज शहराचा कारभार ‘टी. पी. स्कीम’, ‘एफ. एस. आय.’, ‘रिव्हरफ्रंट’ या शब्दांत चालतो. हे शब्द आपण रोज ऐकतो, पण आपल्या उंबरठ्याशी त्यांचा काय संबंध आहे हे पुराचे पाणी घरात आल्याशिवाय कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. शहर वाढले याबद्दल माझी तक्रार नाही. पाण्याची वाट कुठून जाते हे विसरून ते वाढले, ही तक्रार आहे. आणि ती वाट पुन्हा आठवून देण्याचे काम इंजिनिअरइतकेच भाषेची काळजी वाहणाऱ्यांचेही आहे.

सुरुवात नावांपासून करू. जुन्या बडोद्याला लहेरीपुरा, चांपानेर, पाणीगेट आणि गेंडीगेट असे चार दरवाजे आणि मधोमध मांडवी. भोवतालची नावे आठवून पाहा: सूरसागर, खारीवाव, केवडाबाग, वाडी, नवलखी, कमाटीबाग. यांत तळे आहे, पायऱ्यांची विहीर म्हणजे वाव आहे, बागा आहेत. आपण जिथे जमलो आहोत त्या कारेलीबागेचेही नाव बागेचेच. जुन्या शहराच्या उत्तरेला, विश्वामित्रीच्या पूर्वेकडचा हा भाग. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा इथल्या वाड्यांतली मराठी कुटुंबे वाढली, भाऊ वेगळे झाले, तेव्हा त्यांतली कितीतरी इथल्या सोसायट्यांमध्ये राहायला आली. वाड्यातून निघताना आपण देवघर आणले, पितळेची भांडी आणली. पण नव्या जागेखालची जमीन कशी आहे, हे विचारायचे राहून गेले.

नदीशी या गावाचे नाते फार जुने आहे. इ. स. ८१२ च्या एका ताम्रपटात ‘वडपद्रक’ या गावाचा उल्लेख येतो आणि ते ‘अंकोट्टक’ या नगराला जोडलेले होते असे त्यात म्हटले आहे. अंकोट्टक म्हणजे नदीच्या पश्चिम काठावरचे आजचे अकोटा. विश्वामित्रीच्या पुरांना कंटाळून वस्ती हळूहळू पूर्वेकडे सरकली, असे मानले जाते. म्हणजे आज ज्याला आपण बडोदे म्हणतो, त्याच्या जन्मकथेतच पूर आहे.

आता सयाजीराव महाराजांच्या काळाकडे येऊ. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ते संस्थान होते, निवडून दिलेली महापालिका नव्हती. परंतु एका कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. आजव्याचा तलाव, म्हणजे सयाजी सरोवर, बांधून १८९२ मध्ये शहराला नळाचे पाणी मिळाले. तलाव शहरापासून सुमारे २० किलोमीटर दूर आणि उंचावर असल्याने पाणी उताराने गावाकडे येत असे. १९०१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती एक लाखाच्या थोडी वर होती. २०११ च्या जनगणनेत ती साडेसोळा लाखांच्या पुढे गेली. तरीही शहराच्या पूर्व भागाला आजवा अजून पाणी देतो. ज्यांनी तो बांधला त्यांनी शहराच्या हद्दीपलीकडचा उतार, ओढे आणि पाऊस यांचा एकत्र विचार केला होता. आजव्याचे ६२ दरवाजे आणि त्यातून विश्वामित्रीत उतरणारे पाणी हे आजही दर पावसाळ्यात बडोदेकरांच्या बोलण्यात असते, ते याच कारणाने. तलाव आणि नदी हा एकच संसार आहे.

दुसरे उदाहरण पॅट्रिक गेडिस यांचे. हे स्कॉटिश नगररचनाकार बडोद्याला आले आणि १९१६ मध्ये शहराच्या विकासावर व विस्तारावर त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातल्या अनेक गावांविषयी त्यांनी असे अहवाल लिहिले. त्यांचे सूत्र असे की, जुने गाव सरसकट पाडून रुंद रस्ते काढू नयेत. आधी गल्लीगल्लीतून पायी फिरावे, रोग नेमका कुठे आहे ते पाहावे आणि तेवढीच शस्त्रक्रिया करावी. डासांच्या भीतीने तळी बुजवण्यालाही त्यांचा विरोध होता. तळे हवा थंड ठेवते, पावसाचे पाणी साठवते. डासांसाठी त्यात मासे सोडावेत, असे ते सांगत. शंभराहून अधिक वर्षे झाली. तळी बुजवून झाल्यावर आता आपण ‘पर्कोलेशन वेल’ खणतो आहोत.

मग गाव मोठे कधी झाले? १९०७ मध्ये अलेंबिक निघाली, १९४९ मध्ये विद्यापीठ झाले, पण खरी उडी १९६० नंतरची. खतांचा कारखाना, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी, त्यानंतर पेट्रोकेमिकल्स. १९६६ मध्ये महानगरपालिका झाली, १९७८ मध्ये नगर विकास प्राधिकरण म्हणजे ‘वुडा’. अलीकडे २०२० मध्ये भायली, बिल, सेवासी, वेमाली अशी गावे हद्दीत आली. डिसेंबर २०२२ मध्ये गेंडा सर्कलपासून मनीषा चौकडीपर्यंतचा साडेतीन किलोमीटरचा अटल पूल खुला झाला. नोकरीसाठी आलेल्यांना घरे हवी होती, घरांना रस्ते हवे होते. त्यात गैर काही नाही.

गुजरातने ही वाढ ज्या साधनाने घडवली ते ‘टी. पी. स्कीम’ समजून घेण्यासारखे आहे. मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या कायद्यात त्याचे मूळ आहे आणि आज १९७६ चा गुजरात कायदा लागू आहे. महाराष्ट्रात नगररचना म्हटले की आपल्याला आरक्षण आणि भूसंपादन आठवते. इथली रीत वेगळी. एका भागातल्या सगळ्या वेड्यावाकड्या शेतजमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बगिचे, शाळा यांना जागा काढायची आणि उरलेली जमीन मालकांना चौकोनी तुकड्यांत परत द्यायची. कायद्याने घालून दिलेले प्रमाण साधारण असे: १५ टक्के रस्त्यांना, ५ टक्के बागांना व मैदानांना, ५ टक्के शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना आणि १५ टक्के विक्रीला, म्हणजे योजनेचा खर्च निघावा. हजार चौरस मीटर देणाऱ्याला ढोबळमानाने सहाशे परत मिळतात. पण त्याला रस्ता लागलेला असतो, म्हणून किंमत वाढते. कोणालाही पुरते उठवावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण.

परंतु या हिशेबात पाण्यासाठी वेगळा रकाना नाही. योजनेची हद्द रस्त्यांनी आणि सर्व्हे नंबरांनी ठरते. पाणलोट या हद्दी मानत नाही. बडोद्यात पावसाळी नाल्याला ‘कांस’ म्हणतात. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस ही नावे तुमच्या कानांवरून गेली असतील. शेत असताना कांस पावसाळ्यात दोन्ही बाजूंना पसरत असे आणि ते कोणाला खटकत नसे. प्लॉट पडल्यावर ती एका ठरावीक रुंदीत बसवली जाते, पुढे तिच्यावर स्लॅब पडतो, स्लॅबवर पार्किंग येते. नाव तेवढे उरते, आणि नंतर तेही जाते.

याचे परिणाम आपण भोगले आहेत. २००५ चा पूर जुन्या लोकांना आठवतो. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीची पातळी २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली आणि पाऊस थांबल्यावरही काही भागांत दोन-तीन दिवस पाणी उतरले नाही. २० इंच पाऊस कोणत्याही शहराला झेपणार नाही, हे मान्य. मात्र ते पाणी किती वेळ थांबेल आणि कोणाच्या घरात थांबेल, हे आभाळ ठरवत नाही. ते आपल्या बांधकामांनी ठरते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी मिठीने आणि पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने हेच सांगितले.

इथे दोष केवळ सरकारवर आणि बिल्डरवर टाकून मोकळे होता येणार नाही. आपल्या जुन्या सोसायट्यांचे आता रिडेव्हलपमेंट चालू आहे. नवी इमारत उभी राहताना जोते रस्त्यापेक्षा तीन-चार फूट वर घेतात, अंगण पेव्हर ब्लॉकने झाकतात, खाली तळघरात गाड्या ठेवतात. त्या इमारतीपुरता हा शहाणपणा आहे. पण पूर्वी जे पाणी तिच्या अंगणात मुरत होते ते आता शेजारच्या जुन्या बैठ्या घरात जाते. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि तेही घर दर वर्षी थोडे थोडे खाली जाते. ज्याच्याकडे नवे जोते बांधायला पैसे नाहीत, त्याच्याकडे पाणी जाते. नदीकाठच्या झोपडपट्टीत तर ते सर्वांत आधी पोहोचते. आपला विकास शेजाऱ्याच्या खर्चाने होतो आहे का, हा प्रश्न नगररचनेचा आहे तसा नीतीचाही आहे.

उपाययोजना अजिबात होत नाही, असे नाही. विश्वामित्रीच्या काठी रिव्हरफ्रंट करण्याच्या योजनेला हरकत घेतली गेली आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नदीच्या पूरक्षेत्राच्या आखणीचा व रक्षणाचा आग्रह धरणारा निर्णय दिला. २०२४ च्या पुरानंतर, २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी, शहरातल्या सुमारे २४ किलोमीटर पात्रातला गाळ काढून ते रुंद व खोल करण्याचे काम झाले. या नदीत चारशेच्या वर मगरी आहेत. भर वस्तीत मगरी बाळगणारी अशी नदी दुसरीकडे क्वचितच असेल. पात्र खोल केल्याने पाणी लवकर वाहून जाईल. मात्र कोतरे आणि कांसा बुजलेल्या राहिल्या, तर दर काही वर्षांनी पुन्हा गाळच काढत बसावे लागेल.

पाण्याकडे केवळ ‘प्रकल्प’ म्हणून पाहण्याचे दुःख आपल्या शेजारीच घडले आहे. जानेवारी २०२४ मध्ये हरणीच्या मोटनाथ तलावात नाव उलटली आणि १२ शाळकरी मुले व २ शिक्षिका बुडाल्या. त्यावर इथे अधिक बोलणे योग्य नाही. तळ्याला सहलीचे ठिकाण करताना ते आधी खोल पाणी आहे, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

तर मग आपण काय करायचे? तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, रिडेव्हलपमेंटच्या करारावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. मागच्या पुरात या प्लॉटवर पाणी किती चढले होते? नवे जोते किती उंच? पावसाचे पाणी कुठे जाणार? उघडी माती किती उरणार? फ्लॅटच्या क्षेत्रफळाइतकेच हे आकडे महत्त्वाचे आहेत.

दुसरी, जाहीर सूचना वाचा. टी. पी. स्कीमचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर बाधित माणसाला हरकत घेण्यासाठी कायद्याने एक महिना दिलेला आहे. विकास आराखड्यासाठी दोन महिने. आपण लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेतली शुद्धलेखनाची चूक काढतो. नकाशावर कांस दाखवायची राहिली, तर तीही काढायला शिकले पाहिजे. सूचना गुजरातीत असते आणि गुजराती आपल्याला परकी नाही.

तिसरी गोष्ट खास या संस्थेसाठी. आपल्यात ऐंशीच्या घरातली अनेक मंडळी आहेत. कुठे तलावडी होती, कुठली वाव कोणत्या दुकानाखाली गेली, कुठल्या सालच्या पुरात पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, हे त्यांना ठाऊक आहे. ते अजून कोणी उतरवून घेतलेले नाही. बडोद्याच्या पाण्याच्या जागांचा एक मराठी-गुजराती नामकोश तयार करावा. प्रत्येक नोंदीत नाव, जागा, आठवण सांगणाऱ्याचे वय आणि पुराची खूण एवढे असले तरी पुरे. तरुणांनी त्या जागी जाऊन पाहावे आणि आजच्या नकाशावर ती खूण करावी. एखाद्या मसुद्यावर हरकत घ्यायची वेळ आली, तर हा कोश हातात असेल. ज्या गावाने कारभाराच्या शब्दांचा कोश आठ भाषांत केला, त्याला हे काम जड नाही.

यात खर्च फारसा नाही, घाई मात्र आहे. आठवण सांगणारी माणसे दर वर्षी कमी होतात आणि इमारतींचे पाये दर महिन्याला भरले जातात. या वर्षीच्या पावसाळ्यापूर्वी निदान कारेलीबागेच्या पन्नास नोंदी व्हाव्यात, अशी विनंती करतो आणि थांबतो.