नोंद आहे, पण सापडत नाही



दस्तऐवज जपून ठेवणे हे कचेरीचे अर्धेच काम होय. मागणी होताच तो हाती देणे, हे उरलेले अर्धे. पूर्वी ही जबाबदारी जुन्याजाणत्या कारकुनाच्या स्मरणशक्तीवर असे. आज गोव्यातील जमिनीचा नमुना १ व १४ संगणकावर पाहता येतो आणि शोधाचे पुष्कळसे काम यंत्राकडे गेले आहे. यंत्राची रीत ज्याला ठाऊक नाही, त्याला त्याचे उत्तर अंतिम वाटते. म्हणून ती रीत समजून घेणे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी या सर्वांच्याच हिताचे आहे.

यंत्र प्रत्येक प्रश्नासाठी सगळी पाने चाळीत बसत नाही. ग्रंथाच्या अखेरीस असते तशी शब्दसूची ते आधीच तयार करून ठेवते. समजा, ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात ‘विहीर’ हा शब्द ४, १७ व ९२ या पानांवर आणि ‘दुरुस्ती’ हा शब्द १७, ६० व ९२ या पानांवर आहे. दोन्ही शब्द दिले की यंत्र सूचीतील दोन ओळी ताडून पाहते आणि १७ व ९२ ही पाने पुढे करते. लाखो पानांतूनही उत्तर क्षणात मिळते, ते या पूर्वतयारीमुळे.

पुष्कळ पाने हाती आली, तर आधी कोणते दाखवावे? ब्रिटिश संशोधिका कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली यासाठी एक साधे तत्त्व मांडले: जो शब्द थोड्याच कागदांत आढळतो, त्याचे वजन अधिक धरावे. ‘अर्ज’ हा शब्द कचेरीतील असंख्य कागदांत असतो. त्यावरून हवा तो कागद ओळखता येत नाही. ‘खाजन’ हा शब्द मोजक्या कागदांत असतो. तो नेमकी दिशा दाखवितो. अर्थात, वरचा क्रमांक हा शब्दांच्या जुळणीचा निर्वाळा आहे, मजकुराच्या खरेपणाचा नव्हे.

खरी अडचण पुढेच आहे. साधी सूची अक्षरे जुळविते, अर्थ नव्हे. मराठीत ‘विहीर’ची ‘विहिरीची’ होते, ‘विहिरींना’ होते. मूळ शब्द ओळखण्याचा नियम यंत्राला दिलेला नसेल, तर ही रूपे त्याच्या लेखी निरनिराळी ठरतात. नावांची स्थिती याहून बिकट. पोर्तुगीज अमदानीतील कागदांत कामत हे आडनाव ‘कामोतिम’ आणि प्रभू हे ‘पोरोबो’ असे लिहिलेले आढळते. आजोबांच्या जमिनीवर वारस म्हणून नाव लावू पाहणारा शेतकरी ‘कामत’ एवढेच सांगतो, यंत्र ‘नोंद आढळत नाही’ असे उत्तर देते आणि तो रिकाम्या हाताने घरी परततो. नोंद मात्र जागच्या जागी असते. उच्चारावरून नावांचे गट पाडण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना १९१८ सालीच मिळाले होते. परंतु ती इंग्रजी वळणाच्या उच्चारांसाठी होती. येथील नावांसाठी येथलेच नियम हवेत.

शोध कितपत यशस्वी झाला, हे मोजण्यास दोन मापे आहेत. एखाद्या विषयाच्या ८० नोंदी दप्तरी आहेत. यंत्राने ५० दाखविल्या आणि त्यांतील ४० उपयोगी निघाल्या, असे समजू. मिळालेल्यांपैकी उपयोगी शेकडा ८०, ही अचूकता. असलेल्यांपैकी हाती आलेल्या शेकडा ५०, ही व्याप्ती. पडद्याकडे पाहून अचूकतेचा अंदाज येतो. राहून गेलेल्या ४० नोंदी मात्र पडद्यावर दिसतच नाहीत. नुकसान होते ते याच न दिसणाऱ्या भागात.

यास्तव नोंद करणाऱ्याने नाव पूर्ण लिहावे आणि त्याची जुनी रूपे सोबत नोंदवावीत. शोधणाऱ्याने एका रूपावर न थांबता दुसरे, तिसरे रूप देऊन पाहावे. गाव व सर्व्हे क्रमांक यांचाही आधार घ्यावा. शिक्षकांनी मुलांकडून पाठ्यपुस्तकाच्या एका धड्याची शब्दसूची करवून घ्यावी. एका तासात सारे तत्त्व त्यांच्या ध्यानी येईल. आणि अधिकाऱ्याने ‘नोंद नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी मूळ नोंदवही एकदा उघडून पाहावी. त्या एका शेऱ्यावर एखाद्या कुटुंबाचा जमिनीवरील हक्क अवलंबून असतो.