पट्टा आवळण्यापूर्वी



मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाताना किंवा नाशिककडून कसारा घाट उतरताना आपल्या पुढे एखादा उघडा ट्रेलर असतो. त्यावर एखादं यंत्र, पाइपांचा जुडगा नाहीतर पत्र्याचं भलंमोठं वेटोळं ठेवलेलं असतं. वरून तीन-चार रुंद पट्टे टाकलेले असतात आणि प्रत्येक पट्ट्याला बाजूला एक लोखंडी खटका असतो. आपण हॉर्न वाजवतो, वाट मिळाली की पुढे जातो. तेवढ्या काही सेकंदांत आपण आणि आपल्या गाडीतली माणसं त्या पट्ट्यांच्या भरवशावर असतो. ट्रकच्या केबिनमध्ये बसलेला ड्रायव्हर आणि क्लीनर तर तासन् तास त्याच भरवशावर असतात, आणि त्यांच्या बाबतीत माल पाठीमागे असतो.

या पट्ट्याला आपल्याकडे नुसतं 'बेल्ट' म्हणतात आणि आवळायच्या खटक्याला 'रॅचेट'. पूर्वी सगळं काम दोरखंडावर आणि साखळीवर चालायचं. दोर आवळण्याची जुन्या ड्रायव्हर मंडळींची हातोटी खरोखर पाहण्यासारखी असते, ती कमी लेखायचं कारण नाही. पण ताडपत्री बांधणं वेगळं आणि पाच टनांचं यंत्र जागेवर ठेवणं वेगळं. या दुसऱ्या कामासाठी पट्टा आला, आणि आला तो आपलं एक छोटंसं ओळखपत्र घेऊन. पट्ट्याला शिवलेली ती चिठ्ठी वाचायला शिकलं तर निम्मं काम होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

चांगल्या पट्ट्याला ही चिठ्ठी असतेच. निळी असेल तर पट्टा पॉलिएस्टरचा, हिरवी असेल तर नायलॉनचा, तपकिरी असेल तर पॉलिप्रॉपिलीनचा. रंग चिठ्ठीचा पाहायचा, पट्ट्याचा नाही. पट्टा नारिंगी, पिवळा, कसाही असू शकतो. चिठ्ठीवर बनवणाऱ्याचं नाव असतं, वर्ष असतं, लांबी असते आणि दोन आकडे असतात. सगळा घोटाळा या दोन आकड्यांत आहे.

पहिला आकडा 'एलसी', म्हणजे पट्टा सरळ ताणात किती भार सहन करू शकतो तो. पन्नास मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यावर बहुधा २५०० लिहिलेलं असतं. एकक असतं डेकान्यूटन. आपल्या समजुतीसाठी एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा जोर. म्हणजे अडीच टन. मग लोडिंगच्या वेळी हिशेब होतो तो असा : माल पाच टन, बेल्ट अडीच टनाचा, दोन बेल्ट टाका, झालं. हा हिशेब साफ चुकीचा आहे.

कारण पट्टा मालाच्या वरून टाकून दोन्ही बाजूंनी आवळला, की तो मालाला धरून ठेवत नाही, तो मालाला खाली दाबतो. मालाला जागेवर ठेवतं ते माल आणि हौद्याची फळी यांच्यातलं घर्षण. पट्टा फक्त ते घर्षण वाढवतो. आणि तो किती दाबणार, हे दुसरा आकडा सांगतो. त्याला 'एसटीएफ' म्हणतात. माणसाने रॅचेटचा दांडा साधारण पन्नास किलोच्या जोराने ओढून सोडला, की पट्ट्यात किती ताण शिल्लक राहतो, तो हा आकडा. साध्या रॅचेटला तो तीनशेच्या आसपास असतो, लांब दांड्याच्या रॅचेटला पाचशेच्या घरात जातो. अडीच हजार कुठे आणि तीनशे कुठे!

आता हिशेब नीट करून पाहू. एक टनाचं खोकं आहे. ट्रकने जोरात ब्रेक मारला तर माल पुढे जायला पाहतो. युरोपातल्या बांधणीच्या मानकात धरलेला अंदाज असा, की पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर येतो. बाजूला आणि मागे निम्मा, म्हणजे ०.५ पट. तेव्हा आपल्या एक टनाच्या खोक्याला आठशे किलोचा अटकाव हवा. खोकं आणि फळी यांच्यातलं घर्षण ०.३ धरा. नुसत्या वजनाने तीनशे किलोचा अटकाव मिळतो. उरलेले पाचशे मिळवायला खोक्यावर आणखी जवळजवळ १६७० किलोचा दाब हवा. एक पट्टा दोन्ही बाजूंचा मिळून सहाशे किलो दाबतो. म्हणजे एका टनाला तीन पट्टे, आणि सुरक्षेसाठी जी वाढ धरायला सांगतात ती धरली तर चार. कोपऱ्यावर घासून पलीकडच्या बाजूचा ताण थोडा कमीच भरतो, तेही लक्षात घ्या. पट्टा उभा न येता तिरपा येत असेल तर दाब आणखी घटतो. जमिनीशी तीस अंशांचा कोन असेल तर तो निम्माच राहतो.

मग पाच टनांच्या यंत्राला वीस पट्टे लावायचे का? नाही. खोक्याखाली रबराची घर्षण वाढवणारी चटई घाला, घर्षण ०.६ धरता येतं. तोच हिशेब पुन्हा करा : दाब हवा फक्त सव्वातीनशे-साडेतीनशे किलो. तीन-चार पट्ट्यांचं काम एक पट्टा करतो. तरी दोन लावायचे, कारण एकच पट्टा असेल तर खोकं त्याच्याभोवती फिरू शकतं. आणि याहून स्वस्त उपाय म्हणजे माल केबिनमागच्या भिंतीला किंवा पक्क्या ठोकळ्यांना भिडवून ठेवणं, मध्ये मोकळी जागा न सोडणं. जो माल पुढे सरकूच शकत नाही त्याला अडवण्यासाठी पट्ट्याला राबावं लागत नाही. फक्त ती भिंत तेवढी मजबूत हवी. लोखंडी वेटोळ्यासारख्या दहा-वीस टनांच्या गोल वस्तूला तर घडवलेली खाच आणि साखळ्याच हव्यात. ते नुसत्या पट्ट्यांचं काम नव्हे.

हौदा झाडून घेणं हाही याच हिशेबाचा भाग आहे. फळीवर वाळू, तेल, धान्याचा भुसा असेल तर घर्षणाचा आकडा कागदावरच राहतो. झाडूची किंमत काय असते?

आता तपासणीकडे वळू. पट्टा वापरण्याआधी पूर्ण उलगडून दोन्ही हातांतून सरकवावा. दोन मिनिटांचं काम आहे. डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं. काठावर छेद आहे का, धागे तुटून कुसं निघाली आहेत का, शिवण उसवली आहे का, हे बघायचं. काठावरचा छेद सर्वांत वाईट, कारण ताण आला की फाटणं तिथून सुरू होतं. पट्ट्याचा एखादा भाग कडक, चकचकीत, वितळल्यासारखा लागला तर तिथे उष्णता पोहोचली आहे : सायलेन्सरची, वेल्डिंगच्या ठिणगीची किंवा घासण्याची. असा पट्टा बाद. उन्हात वर्षभर पडून रंग उडालेला, हाताला खरखरीत लागणारा पट्टाही संशयितच.

रसायनांचं प्रकरण थोडं वेगळं आहे आणि ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. पॉलिएस्टरला चुन्यासारखे अल्कधर्मी पदार्थ चालत नाहीत आणि ओलं सिमेंट हे त्यातलंच. नायलॉनचं उलटं, त्याला आम्ल चालत नाही. बॅटरीचं पातळ आम्ल सांडलं आणि पट्टा उन्हात वाळला, तर पाणी उडून जातं आणि आम्ल तीव्र होऊन मागे राहतं. तेव्हा असं काही सांडलं तर लगेच गार पाण्याने धुवायचं आणि पट्टा सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा. इंजिनाच्या उष्णतेवर नाही.

नंतर लोखंड. आकडा उघडलेला, वाकलेला आहे का, रॅचेटच्या दात्यांवर झीज आहे का, चौकट तिरपी झाली आहे का, तडा आहे का, गंज किती खोल आहे, हे पाहायचं. वाकलेला आकडा हातोड्याने सरळ करून पुन्हा वापरण्याची आपल्याकडे मोठी आवड आहे. ती सोडायला हवी. एकदा वाकून सरळ केलेल्या लोखंडाची ताकद किती उरली हे कुणीही सांगू शकत नाही.

आणि ती चिठ्ठी. चिठ्ठी नाही किंवा वाचता येत नाही, तर पट्टा कितीही नवा दिसो, तो वापरू नये. चिठ्ठीशिवाय वजनावर विकले जाणारे पट्टे बाजारात मिळतात. त्यांचं कापड कशाचं, शिवण कुणाची, ताकद किती, काही कळायला मार्ग नसतो.

गाठीबद्दल बोललंच पाहिजे. पट्टा तुटला, गाठ मारली, चालू पडला. हे दृश्य कोणत्याही ट्रक टर्मिनलवर दिसेल. गाठ मारलेल्या पट्ट्याची ताकद निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. आकडा थेट पट्ट्याच्या कापडावर अडकवणं, पट्टा पिळलेला ठेवणं, धारदार कडेवरून कोपरा-संरक्षक न लावता नेणं, ही सगळी त्याच माळेतली मणी. कोपऱ्याला लावायचे प्लॅस्टिकचे तुकडे मिळतात. ते नसतील तर जुन्या टायरचा जाड तुकडाही कापड वाचवतो.

रॅचेट आवळतानाही थोडं भान हवं. दांड्याला पाइप लावून लांबी वाढवायची नाही. त्याने ताण वाढल्याचं समाधान मिळतं, पण रॅचेट आतून मोडायला आलेलं असतं. मधल्या आरीवर पट्ट्याचे किमान दीड आणि जास्तीत जास्त तीन वेढे असावेत. कमी असतील तर पट्टा सरकतो, जास्त असतील तर खटका अडतो. आणि निघाल्यावर थोड्याच अंतरावर गाडी बाजूला घेऊन पुन्हा एकदा आवळून घ्यावं. हादऱ्यांनी माल बसतो, पट्टा थोडा ताणला जातो. चहाला थांबतोच आपण, तेव्हा गाडीभोवती एक फेरी मारली तर तेवढ्यात होतं. पावसाळ्यात नायलॉनचा पट्टा असेल तर जास्तच, कारण ओला नायलॉन अधिक ताणतो.

याच पट्ट्याने माल उचलायचा नाही, हे चिठ्ठीवर लिहिलेलं असतं आणि तरीही क्रेनच्या आकड्याला असे पट्टे लटकलेले दिसतात. कारण साधं आहे. उचलण्यासाठी बनवलेल्या कापडी स्लिंगची तुटण्याची ताकद तिच्यावर लिहिलेल्या वजनाच्या सात पट ठेवलेली असते. आवळायच्या पट्ट्याची दुप्पट. दोन्ही एकाच कापडाचे दिसतात, म्हणूनच धोका.

सोडताना होणारे अपघात हा विषय राहूनच जातो. प्रवासात माल कलंडून पट्ट्यावर टेकलेला असतो. रॅचेट उघडलं की ताण एकदम सुटतो आणि माल उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. तेव्हा खटका उघडण्यापूर्वी माल पट्ट्याशिवाय उभा राहील का, हे पाहायचं. फाळका उघडतानाही तेच. तिथे सहसा उभा असतो तो हमाल, आणि बांधणी करणारा तर दोनशे किलोमीटरवर राहिलेला असतो.

आता जबाबदारीचं बोलू. लोडिंग करणारा म्हणतो बांधणं ड्रायव्हरचं काम, ड्रायव्हर म्हणतो मालकाने बेल्ट दिले नाहीत, मालक म्हणतो माल पाठवणाऱ्याने भाडंच तेवढं दिलं. माझं मत विचाराल तर पट्ट्यांचा खर्च ड्रायव्हरच्या खर्चीतून काढणं, ही सगळ्यात महागडी काटकसर आहे. ज्याला फाटका पट्टा बाद केल्याचा भुर्दंड स्वतःच्या खिशातून बसतो, तो पट्टा बाद करणार नाही, गाठच मारणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कायद्यानेही बोट नुसतं ड्रायव्हरकडे दाखवलेलं नाही. सळ्या आणि पाइप मागून बाहेर काढून नेण्याची जी मुभा पूर्वी नियमांत होती, ती २०१४ मध्ये काढून टाकली गेली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार माल मर्यादेबाहेर पुढे, मागे, बाजूला किंवा वर गेलेला असेल तर वीस हजार रुपये दंड आणि तो उतरवण्याचा खर्च आहे. आणि तो गाडी चालवणाऱ्याइतकाच ती तशी चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागू आहे. वीस हजारांत पट्टे किती येतील, ते मालकांनीच मोजावं.

ज्यांचा मालवाहतुकीशी संबंध नाही त्यांनाही यातलं थोडं लागू आहे. घर बदलताना टेम्पोवर कपाट चढतं, गावी जाताना मोटारीच्या टपावर सामान चढतं. कपाट उभं ठेवायचं तर केबिनच्या भिंतीला पाठ लावून. टपावरच्या पट्ट्याचं सुटं टोक फडफडत ठेवायचं नाही, ते आत खोचायचं. आणि रस्त्यावर पुढच्या ट्रकचा पट्टा लोंबताना दिसला, तर मागे चिकटून न राहता अंतर ठेवून, सुरक्षित जागी पुढे जाऊन ड्रायव्हरला हाताने खूण करावी. बहुतेक ड्रायव्हर थांबतात.

शेवटी बाद पट्ट्याचं काय करायचं, हे अनेकजण विचारतात. तो कोपऱ्यात टाकून ठेवू नये, कारण घाईच्या दिवशी कुणीतरी तो उचलतोच. आकडे आणि रॅचेट वेगळे काढावेत, ते धड असतील तरच ठेवावेत, आणि कापडाचे तुकडे करावेत. तुकडे हातभर लांबीचेच करा. त्याहून लांब राहिले, तर त्यांना गाठ मारणारा कुणी ना कुणी भेटतो.