एका संगणकात दोन बिऱ्हाडे



१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. घरगुती वापरासाठी ज्यांनी नावनोंदणी केली, त्यांना आणखी एक वर्षाची मुदत मिळाली. शहरातल्या कचेऱ्यांतून या तारखेची पुष्कळ चर्चा झाली. पण खेड्यातल्या शाळेत, पतसंस्थेत किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या घरी जो आठ-दहा वर्षांचा संगणक आहे, त्याचे काय, हा प्रश्न मात्र कुणी फारसा विचारला नाही. आज आपण त्या संगणकाविषयी बोलणार आहोत.

देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडले असे नव्हे, बरं का. ते कालच्यासारखेच चालेल. परंतु घराच्या दारांना, खिडक्यांना ज्या नव्या फटी सापडतात त्या बुजविणारा सुतार आता येणार नाही. इंटरनेटला जोडलेल्या संगणकात मुलांचे निकालपत्रक, लोकांचे आधार क्रमांक, बँकेचे व्यवहार असतील, तर ही गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही. मग विंडोज ११ घालावे, असे तुम्ही म्हणाल. पण त्या प्रणालीला ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय असलेले यंत्र लागते, आणि साधारण २०१७-१८ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही ते भंगारात काढण्याची पाळी येते. ग्रामीण शाळेला नवे यंत्र घेणे म्हणजे वर्षा-दोन वर्षांची वर्गणी. सबब दुसरी वाट पाहिली पाहिजे, आणि अशी वाट आहे.

संगणकाचे यंत्र आणि आपण यांच्यामध्ये कारभारी म्हणून जी व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर आणणे, फाइल ठेवणे आणि पुन्हा शोधून देणे, छपाईयंत्राला काम सांगणे, हा सगळा तिचा कारभार. विंडोज ही अशी एक व्यवस्था. लिनक्सच्या पायावर उभ्या राहिलेल्या अनेक व्यवस्था दुसऱ्या, आणि त्या मुक्त आहेत. इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दाने फुकट आणि मुक्त हे दोन्ही अर्थ सांगावे लागतात, म्हणून तिकडे यावर मोठा खल झाला. आपल्या भाषेत ही अडचण नाही. मुक्त म्हणजे जी कशी बनली ते पाहता येते, जिच्यात बदल करता येतो, आणि जिची प्रत शेजाऱ्याला देता येते ती. शेतकरी बांधवांना हे चटकन कळेल. संकरित बियाणे दर हंगामाला नव्याने विकत घ्यावे लागते. सरळ वाणाचे बी घरी राखता येते, पाव्हण्याला पायलीभर देता येते, निवडून निवडून सुधारताही येते. तुलना फार ताणू नये, पण मुक्त प्रणाली ही या दुसऱ्या जातीची.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘जीएनयू’ या नावाने अशा प्रणालीचे काम जाहीर केले. तिचा गाभा राहून गेला होता. तो १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने लिहून खुला केला. त्याचेच नाव लिनक्स. पुढे जगभरच्या हजारो हातांनी त्यात भर घातली. हे सर्व परदेशातले आणि पंडितांचे, आपल्या शाळामास्तरांना ते कसे झेपावे, अशी शंका येईल. तर केरळकडे पाहावे. तेथे २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ ही योजना सुरू झाली, आणि पुढल्या काही वर्षांत सरकारी शाळांतले संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर नेण्यात आले. २०१७ साली त्या योजनेचे ‘काइट’ या सरकारी संस्थेत रूपांतर झाले. शाळांसाठी ती स्वतःची लिनक्स प्रत तयार करून देते. हे काम प्रशिक्षण घेतलेल्या साध्या शिक्षकांनी पार पाडले.

आता मुद्द्याकडे वळू. जुनी व्यवस्था पुसून टाकून नवी घालावी, की दोन्ही एकाच यंत्रात नांदवाव्यात? माझे मत दोन्ही नांदवाव्यात असे आहे, निदान पहिली दोन वर्षे. मी महाविद्यालयात मराठी शिकवितो. यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. पण आपल्याकडच्या कामाचा रंग मला ठाऊक आहे. पतसंस्थेचे हिशेब टॅलीत आहेत, आणि टॅली विंडोजसाठी केलेली आहे. मुख्याध्यापकांच्या जुन्या प्रश्नपत्रिका, दाखल्यांचे नमुने, स्नेहसंमेलनाचे अहवाल श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या अक्षरांत टंकलेले आहेत. तो फॉन्ट नसलेल्या जागी त्या फाइली उघडल्या तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा कडबा दिसतो. हा सगळा संसार एका रात्रीत हलत नाही. तेव्हा एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडे असावीत, आणि सकाळी यंत्र सुरू करताना आज कोणत्या दाराने आत जायचे ते आपण ठरवावे, हे बरे. इंटरनेटवरचे काम लिनक्समधून करावे. जुन्या हिशेबाचे काम विंडोजमधून करावे, आणि तेवढ्या वेळापुरते इंटरनेट तोडून ठेवावे.

लिनक्सचे वाण अनेक आहेत, आणि नवखा माणूस येथेच गोंधळतो. उबंटू हे २००४ पासूनचे सर्वांत परिचित नाव. दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये, तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती निघते आणि तिला पाच वर्षे देखभाल मिळते. आवृत्तीच्या क्रमांकातच तारीख असते: २४.०४ म्हणजे २०२४ चा चौथा महिना. आपल्या सी-डॅक संस्थेनेही ‘बॉस’ नावाची भारतीय प्रत काढली आहे. परंतु ज्याला विंडोजची सवय आहे आणि ज्याचे यंत्र जुने आहे, त्याने लिनक्स मिंट घ्यावी असे मी निःशंकपणे सांगेन. तिचा पडदा ओळखीचा वाटतो, डाव्या कोपऱ्यात तीच यादी, खाली तीच पट्टी. तिच्यातही ‘एक्सएफसीई’ नावाची हलकी प्रत आहे. दोन ते चार जीबी स्मृतीच्या यंत्राला ती सोसते. यंत्र चौसष्ट बिटांचे आहे ना, एवढे मात्र आधी पाहावे, कारण या दोन्ही प्रणालींच्या मुख्य आवृत्त्या आता बत्तीस बिटांच्या यंत्रावर बसत नाहीत. शंभर वाणांची तुलना करीत पावसाळा घालवू नये. पेरणीची वेळ निघून जाते.

निवड झाली की प्रणालीच्या अधिकृत संकेतस्थळावरून तिची फाइल उतरवून घ्यावी. ती सुमारे तीन जीबीची असते. गावात इंटरनेट मंद असेल तर तालुक्याच्या महाविद्यालयातून आणावी. रूफस नावाच्या छोट्या साधनाने ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. नुसती नक्कल करून टाकली तर त्यावरून यंत्र सुरू होणार नाही, आणि चढविताना पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, हेही ध्यानात असू द्यावे.

आता जे सांगतो ते कृपा करून सावकाश ऐका, वाचणाऱ्यांनी दोनदा वाचा. हार्ड डिस्कची वाटणी करणे म्हणजे शेताची वाटणी करणे. मोजणी न करता कुणी बांध घालीत नाही. पहिले काम, सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात. प्रत घेतली पण उघडून पाहिली नाही, तर ती घेतली असे मी धरीत नाही. दुसरे, तुमच्या विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहावे. अलीकडच्या लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळत चालू असते. म्हणजे तिजोरीला कुलूप आहे आणि किल्ली ४८ अंकांची आहे. यंत्र सुरू होण्याच्या व्यवस्थेत बदल केला की विंडोज ती किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या आपल्या खात्यात मिळते. आधीच कागदावर उतरवून ठेवावी. किल्ली नसेल तर आतल्या फाइली कुणालाही उघडून देता येत नाहीत, दुकानदारालाही नाही.

तिसरे, विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. त्या सोयीमुळे विंडोज बंद झाल्यासारखी दिसते, पण खरे म्हणजे डोळा मिटून पडलेली असते. अशा वेळी तिच्या भागात लिनक्सला नीट लिहिता येत नाही. चौथे, विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन सी ड्राइव्ह आक्रसून घ्यावी. मिंटला कमीत कमी वीस जीबी जागा लागते, शंभर दिली तर ती मोकळी नांदते. पाचशे जीबीच्या डिस्कवर ऐंशी-शंभर सोडायला हरकत नाही. सुटलेली जागा पडीक ठेवावी, तिला नाव-गाव देऊ नये.

यानंतर पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करावे आणि सुरू होताच एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी आपल्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्ह निवडावा. आणि आता या पद्धतीतला सर्वांत मोठा दिलासा ऐका. डिस्कला हात न लावता मिंट थेट पेनड्राइव्हवरून चालते. तासभर चालवून पाहावी. वाय-फाय जोडले जाते का? आवाज येतो का? छपाईयंत्र ओळखले जाते का? शाळेचे संकेतस्थळ उघडून एखादी नोंद भरून पाहावी. बैल विकत घेण्याआधी आपण औताला जुंपून पाहतो, तसेच हे. काही अडले तर यंत्र बंद करून पेनड्राइव्ह काढावा. विंडोज होती तशी जागेवर आहे.

सगळे ठीक असेल तर ‘इन्स्टॉल’ करावे. पुढे एक प्रश्न येतो, आणि साऱ्या खटाटोपातला धोका त्या एका पडद्यावर आहे. एक पर्याय सांगतो, विंडोजच्या शेजारी घाला. दुसरा सांगतो, डिस्क पुसून घाला. दोन्हींत अंतर बोटभर. या क्षणी कुणाशी बोलू नये, फोन घेऊ नये. शेजारचा पर्याय दिसत नसेल तर अंदाजाने पुढे जाऊ नये; मागे फिरून यंत्र बंद करावे आणि जाणत्याला विचारावे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असावा, कारण भारनियमन आपल्याला विचारून येत नाही. उरलेले अर्ध्या-पाऊण तासाचे काम प्रणाली आपले आपण करते.

मग यंत्र सुरू करताना काळ्या पडद्यावर दोन नावे दिसतील. बाणाच्या कळीने हवे ते निवडावे. लिनक्सला विंडोजच्या भागातल्या फाइली वाचता-लिहिता येतात. विंडोजला मात्र लिनक्सचा भाग सहसा दिसत नाही. म्हणून दोघांना लागणारी कागदपत्रे विंडोजच्या बाजूलाच ठेवावीत. मराठी टंकनासाठी कळफलकाच्या यादीत मराठी जोडले की पुरे. भारत सरकारने प्रमाण मानलेली इनस्क्रिप्ट मांडणी तेथे मिळते: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. आपली बाराखडी ज्याला येते त्याला ती पंधरवड्यात बसते, आणि तिने लिहिलेला मजकूर कुठल्याही यंत्रावर, मोबाइलवरही, तसाच दिसतो. जुन्या श्रीलिपी फाइली विंडोजमध्ये बसून हळूहळू युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. मुलांच्या हाताला ते चांगले काम आहे, पण शेवटचे वाचन शिक्षकानेच करावे, कारण बदलताना रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात.

एक गंमत सांगतो. लिनक्स वापरून पुन्हा विंडोजमध्ये गेलात की घड्याळ कित्येकदा साडेपाच तास मागे गेलेले दिसते. सकाळी अकरा वाजता शाळेच्या संगणकात पहाटेचे साडेपाच! यंत्र बिघडलेले नसते. लिनक्स आतले घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, विंडोज ते स्थानिक वेळेचे समजते, आणि आपली वेळ जागतिक वेळेच्या बरोबर साडेपाच तास पुढे. लिनक्सला एकदाच आज्ञा देऊन स्थानिक वेळ मानायला लावता येते. तोवर हजेरीच्या नोंदी करण्याआधी घड्याळ पाहावे.

आणि समजा, सहा महिन्यांनी हे दुसरे बिऱ्हाड नकोसे झाले, तर? तेही काढता येते, पण क्रम उलटा करू नये. दोन नावांचा तो काळा पडदा लिनक्सच्या भागावर अवलंबून असतो. तो भाग आधी पुसला तर दार उघडणाराच निघून जातो आणि विंडोज आत असूनही तिथवर पोचता येत नाही. म्हणून आधी यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे यूईएफआयमध्ये, जाऊन विंडोजला पहिला मान द्यावा. दोन-तीनदा यंत्र बंद-चालू करून ती सरळ सुरू होते याची खात्री करावी. मग डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचा भाग काढावा आणि सी ड्राइव्ह पुन्हा वाढवून घ्यावी. जुन्या यंत्रांत, जेथे यूईएफआय नाही, तेथे मात्र विंडोजची दुरुस्तीची डिस्क लागते. ती कामाला सुरुवात करण्यापूर्वीच तयार करून, वर नाव घालून, कपाटात ठेवलेली असावी.