नावं न घेता
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला आपल्या मंडळीच्या पूरग्रस्त सेवाफेरीबद्दल दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. ज्यांच्याबद्दल बोलायचं ते समोरच बसलेत, आणि ‘नाव घेतलंस तर उठून जाऊ’ असा दम त्यांनी मघाशी चहाच्या वेळीच दिला आहे. म्हणून नावं घेत नाही. तुम्ही ओळखालच.

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला. आपल्या वारणेनंही पात्र सोडलं होतं, पण शिरोळ तालुक्याची दशा फार वाईट. सगळ्या नद्यांचं पाणी शेवटी तिकडंच जमा होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही नऊ जण कुरुंदवाडच्या बाजूला एका गावात पाच दिवस राहिलो. खोरी, पाट्या, खराटे, ब्लीचिंग पावडर, थोडी औषधं आणि धान्याची पाकिटं घेऊन. नऊपैकी चौघं आपल्या तुकडीतले, आणि एक आपले सर.

मिशनच्या इतिहासातली नावं आपल्याला पाठ आहेत. १८५२ साली कोल्हापुरात आलेले वाइल्डर, १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा करणारे वानलेस. वानलेससाहेबांच्या शस्त्रक्रियांच्या गोष्टी आमची आजी रंगवून सांगायची. पण त्यांच्या शेजारी उभं राहून अवजारं कोण देत होतं, हे काही तिला सांगता यायचं नाही. मी आज त्या शेजारी उभ्या असणाऱ्यांबद्दल बोलणार आहे.

आपल्या वर्गात एक मुलगी होती. तिला प्रत्येक तासाला एकच वाक्य ऐकावं लागायचं, “मोठ्यानं बोल गं!” ती पुढे नर्स झाली. त्या गावात तिनं पहिल्या दिवशी औषधांची पेटीसुद्धा उघडली नाही. बायकांबरोबर भांडी घासत बसली. संध्याकाळी येऊन हळूच म्हणाली, “बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या यांच्याकडे ढिगानं आल्यात. अंगावर घालायला आतले कपडे नाहीत, पॅड नाहीत. आठ दिवस ओल्या कपड्यांत आहेत. मांड्या सोलून निघाल्यात.” हे आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं, आणि मोठ्यानं बोलणाऱ्याला त्या बायकांनी सांगितलंही नसतं. दुसऱ्या दिवशी टेम्पो जयसिंगपूरला गेला तो हीच खरेदी करायला.

दुसरा गडी म्हणजे ज्याच्याकडे पेन्सिल मागितली तर शिसाची लांबी मोजून द्यायचा तो. आता पतसंस्थेत आहे. त्यानं शंभर पानी वही केली होती. घर, माणसं किती, काय दिलं, कुणाच्या सहीनं. आम्ही सगळे वैतागलो होतो. चिखलात उभं राहून सह्या कसल्या घेतोस? तिसऱ्या दिवशी वही चाळताना तोच म्हणाला की गावाच्या टोकाला एक वस्ती आहे, तिथलं एकही घर यात नाही. मदतीचे ट्रक चौकात थांबत, तिथंच रिकामे होत. ती वस्ती कुणाची असेल हे तुम्हाला सांगायला नको. चौकातल्या एका पुढाऱ्यानं ‘आमच्या गल्लीला अजून वीस पाकिटं द्या’ म्हटल्यावर हा भांडला नाही. वही उघडून त्यांच्या गल्लीतली नावं सावकाश, एकेक करून वाचायला लागला. सातव्या नावाला पुढारी निघून गेला.

आता सरांबद्दल. यावर जरा थांबते.

सरांनी येताना पुस्तिकांचा एक गठ्ठा आणला होता, वाटायला. पहिल्या रात्री शाळेच्या खोलीत प्रार्थना झाल्यावर त्यांनी तो सोडला, आणि आपला टेम्पोवाला उसळला. शाळेत ज्याला सरांनी किती वेळा वर्गाबाहेर काढलं याची मोजदाद नाही, तोच. म्हणाला, “सर, माणसाच्या घरात चिखल हाय. त्येच्या हातात पुस्तक देताय, हात तरी मोकळा हाय का त्येचा?” सर म्हणाले, “मग आपण कोण आहोत हे लपवून मदत करायची का?” हा प्रश्न साधा नव्हता. सरांनी चाळीस वर्षं जे मानलं, ते त्या प्रश्नात होतं. पण पाकिटांवर पुढाऱ्यांच्या फोटोंचे स्टिकर लावल्याची चर्चा त्याच दिवसांत गाजत होती. आमच्या पाकिटाबरोबर पुस्तिका गेली असती तर ‘हे घ्यायचं तर तेही घ्या’ असाच अर्थ झाला असता. दोघांचंही खरं होतं असं गुळमुळीत मी म्हणणार नाही. त्या रात्री टेम्पोवाल्याचं बरोबर होतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सरांनी गठ्ठा पुन्हा सुतळीनं बांधला, त्याच्याच हातात दिला आणि विचारलं, “उद्या किती वाजता निघायचं?”

एवढंच. तोंड पाडलं नाही, की पुढच्या चार दिवसांत एकदाही टोमणा मारला नाही. सकाळी सहाला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खोरं घेऊन सर सगळ्यांच्या आधी उभे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “कुठल्या पक्षाचं तुमी?” निवडणुका तोंडावर होत्या. सर म्हणाले, “आम्ही कोडोलीचे.”

मी सॉफ्टवेअरमध्ये टीम सांभाळते. दरवर्षी माणसांचे गुण फॉर्ममध्ये भरते. नेतृत्व, संवादकौशल्य वगैरे. स्वतःच्या विद्यार्थ्याकडून वादात हरून दुसऱ्या सकाळी त्याच्याच शेजारी चिखल उपसणं, याला त्या फॉर्ममध्ये रकाना नाही.

आणि टेम्पोवाल्याचंही सांगते, नाहीतर तो म्हणेल फक्त भांडण सांगितलं. तो गठ्ठा पाच दिवस त्याच्या सीटखाली होता. कोडोलीत परतल्यावर त्यानं तो काढला, वरचा कागद चिखलानं भिजला होता तो बदलला आणि स्वतः सरांच्या घरी नेऊन दिला. तिथं दोघांची त्याच विषयावर पुन्हा दीड तास वादावादी झाली. काकूंनी ताटं वाढली तेव्हा थांबली.