सवलत उठली, हक्क कुठाय?

(युवक शिबिरातील भाषण)



मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने हुकूम काढला : अपंग कर्मचाऱ्यांना अत्यावश्यक कामाच्या पाळीतून वगळा. ठीक केलं. ७ फेब्रुवारी २०२२ पासून दुसरा हुकूम : सगळ्यांनी कचेरीत हजर व्हा, कुणालाही सूट नाही. १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्रानेही निर्बंध उठवले, मास्क ऐच्छिक झाला. म्हणे जनजीवन सुरळीत! कुणाचं? विषाणू काही गाव सोडून गेला नव्हता. मालकाला हजेरीपट भरलेला हवा होता, एवढंच.

दोन्ही हुकमांत अपंग कामगाराला कुणी विचारलं नाही. पहिला दयेचा, दुसरा दया आटल्याचा. दयेचं असंच असतं. देणारा तोच, काढून घेणाराही तोच. ही जात आपण ओळखतो. मागल्या जन्मीचं पाप म्हणून ज्यांनी आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांनीच लंगड्या-आंधळ्यालाही तेच पाप चिकटवून देवळाच्या पायरीवर बसवलं.

२७ डिसेंबर २०१५ ला पंतप्रधानांनी रेडिओवरून 'दिव्यांग' शब्द सुचवला. आपल्याला 'हरिजन' म्हणाले तेव्हा नावात देव आला, पण पाणवठा बंदच राहिला. आता नावात दिव्यत्व आलंय आणि जिना तसाच आहे. ३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. पाटी लागली. आता ती कंत्राटदाराच्या मुकादमाला कोण वाचून दाखवणार?

कायदा नाही असं नाही. २०१६ चा अपंग हक्क कायदा सांगतो की, कामगाराच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्या. साधी गोष्ट. पाळी बदला, म्हणजे तो गर्दीच्या आधीची लोकल पकडेल. हवा खेळती राहील अशा जागी बसवा. घरून होणारं काम घरून करू द्या. टाळेबंदीत हे सगळं झालं की नाही? साहेबाला लागलं तेव्हा रातोरात जमलं. एकट्या अपंगाला लागतं तेव्हा म्हणे 'नियमात बसत नाही'!

आणि कायद्यातली मेख बघा. कलम २० मधली ही सक्ती सरकारी आस्थापनांवर आहे. आपली पोरं कुठे आहेत? गोदामात, मॉलच्या दारावर, कचऱ्याच्या गाडीवर. तिथे 'उद्यापासून येऊ नको' हाच कायदा.

दुसरी मेख आपल्या रक्तातली. विदर्भात सिकलसेल आपल्या आणि आदिवासींच्या घरात जास्त आढळतो. रक्तातली तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नसांत अडकते, माणूस कळांनी तळमळतो. जंतुसंसर्ग झाला की हा झटका उसळतो, कधी छाती धरतो. अशा माणसाला खच्चून भरलेल्या गाडीत एकट्याने मास्क लावून जावं लागतं, आणि वर सोबती हसतात, "अजून घाबरतोस काय बे?" २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारचं अपंगत्व मानलं, त्यात सिकलसेल आहे. पण नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागा ज्यांना दिल्या, त्या कलम ३४ च्या यादीत सिकलसेल नाही. यादीत घेतलं, पंगतीत नाही!

आता आपल्याच चळवळीला विचारतो. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने दलित कोण, ते सांगितलं : अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक दृष्ट्या व धर्माच्या नावाखाली पिळले जाणारे सगळे. त्या व्याख्येत अपंग आपोआप बसतो. मग आपल्या मागणीपत्रकांत तो का नाही? मी कुबड्या घेऊन दोन मजले चढून आलो, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. टाळ्या नकोत. पुढची सभा तळमजल्यावर घ्या.

आणि प्रत्येक युनियनच्या मागणीपत्रकात चार ओळी घाला. वाजवी सोयीची सक्ती खाजगी मालकावर आणि कंत्राटदारावरही हवी. आजारपणाची रजा भरपगारी हवी, दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्याचा रोज बुडता कामा नये. कलम ३४ मध्ये सिकलसेल हवा. आणि पुढची साथ आली, गेली, तरी अपंग कामगाराशी बोलल्याशिवाय त्याच्याबद्दल हुकूम निघता कामा नये.

सवलत साहेबाच्या सहीने येते आणि सहीनेच जाते. हक्क तसा जात नाही, पण त्यासाठी आधी भांडावं लागतं. भांडायला दोन धड पाय लागतात, असं कुणी सांगितलं?

जय भीम!