फळ्यासमोर काय शिकायचं?



आपल्या तुकडीच्या निधीतून शाळेला संगणक द्यावेत, अशी सूचना आली आहे. मी सॉफ्टवेअरमधली, म्हणजे ती उचलून धरणारच, असं तुम्हाला वाटलं असेल. मला थोडं वेगळं सांगायचं आहे.

इंजिनिअरिंगला सी भाषा वर्गात शिकले. पुढे जावा आणि पायथन मात्र घरी, एकटीने. काही अडलं नाही. सेमीकोलन विसरला की कंपायलर ओळ क्रमांकासकट सांगतो. चूक दाखवणारा तिथे हजरच असतो.

भूमितीचं तसं नाही. नववीत बाईंनी मला फळ्यावर समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय सोडवायला बोलावलं. समान बाजूंसमोरचे कोन समान असतात, हे सिद्ध करायचं होतं. मी शिरोकोन दुभागला, कोबाको कसोटी लावली आणि ऐटीत खडू ठेवला. बाईंनी चूक की बरोबर, काहीच सांगितलं नाही. वर्गालाच विचारलं, "पटलं का सगळ्यांना?" बराच वेळ शांतता. मग शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ही तर पायाचे कोन समान धरूनच चाललीय!"

खरंच होतं. जे सिद्ध करायचं, तेच मी गृहीत धरलं होतं. लावायची होती बाकोबा. घरी एकटीने सोडवलं असतं, तर ते मला बरोबरच वाटलं असतं.

आज ऑफिसात आम्ही एकमेकांचा कोड तपासतो. प्रोग्राम चालत असतो, पण त्यामागचं गृहीतक चुकलेलं असतं. ते कंपायलरला कळत नाही, शेजारच्या माणसाला कळतं. त्याचं ऐकून घ्यायची सवय मला त्या फळ्यापाशी लागली.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. जिथे चूक आपोआप उघडी पडते, ते मुलं स्वतः शिकतील. जिथे चुकीचं उत्तरही बरोबर दिसतं, म्हणजे भूमितीची सिद्धता, निबंधातला युक्तिवाद, त्यासाठी वर्ग हवा, बाई हव्यात आणि शेवटचा बाकही हवा.

संगणक जरूर देऊ. शाळा सुटल्यावर ती खोली उघडी ठेवू. पण बाई निवृत्त झाल्यापासून गणिताची जागा रिकामी आहे. आधी त्या शिक्षकाच्या मानधनाची सोय करू, एवढीच माझी विनंती.

आणि तो शेवटच्या बाकावरचा मित्र आज इथे बसला आहे. तेव्हा मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. आभार आज मानते.