लिहिणाराने आधी ऐकावे



लिहिणारा शहाणा आणि ऐकणारा अडाणी, ही समजूत आम्हांस मान्य नाही. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. दळताना, शेतात राबताना त्यांस गाणी सुचत. चिरंजीव सोपानदेव व एक नातलग ती टिपून ठेवीत. बाई १९५१ साली वारल्या. गाणी १९५२ साली छापली गेली. घरात टिपणारा नसता, तर हे सारे धन मातीस मिळाले असते! आज दळण गिरणीत जाते. जात्यामागोमाग ओव्याही चालल्या. म्हणून आमचे सांगणे एवढेच: ज्याच्या हाती लेखणी आहे, त्याने आधी आईआजीजवळ बसावे, ऐकावे, आणि तिच्याच बोलीत, तिच्याच नावाने लिहून ठेवावे. समाजाशी नाते जुळते ते असे.